घरातलं जुनं लष्करी पिस्तूल: खरं किती, टिकलंय किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आगोटीच्या आधी माळे झाडले जातात, जुन्या पेट्या खाली उतरतात आणि माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. श्रीवर्धन, गुहागर, राजापूर, देवगड, मालवण. गावं वेगळी, प्रश्न बरेचसे तेच. असे सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, आधी साधे आणि मग अवघड. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असलात तरी पहिले दोन प्रश्न मात्र वगळू नका.

१. माळ्यावर जुनं पिस्तूल सापडलंय. सगळ्यात आधी काय करू?

ते भरलेलं आहे असं धरून चाला. नळीचं तोंड माणसं नाहीत त्या दिशेला ठेवा, बोट चापापासून लांब ठेवा आणि मुलांना खोलीबाहेर पाठवा. ठासणीच्या हत्यारात दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरतात. एकदा भरलेला बार सहज बाहेर काढता येत नाही, म्हणून शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणी भरून ठेवलेला बार आजही आत असू शकतो. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ती काळी दारू कोरडी राहिली तर नुसत्या वयाने निकामी होत नाही.

ठासणीच्या पिस्तुलाची नळी रिकामी आहे का, हे बघायची एक साधी रीत आहे. घोडा खाली पडलेला असू द्या. लाकडाची बारीक काठी घ्या. लोखंडी सळई नको, ठिणगीचा धोका असतो. नळीसमोर न येता, बाजूने हात नेऊन काठी हलकेच टेकेपर्यंत आत सरकवा आणि नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करा. मग काठी बाहेर काढून ती खूण तोंडाशी जुळवून नळीच्या बाहेरून धरा. काठीचं टोक मागच्या रंजकाच्या भोकापर्यंत, म्हणजे बार पेटवणारी आग जिथून आत जाते त्या बारीक छिद्रापर्यंत, पोहोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन सेंटिमीटर अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. ते चिंधी असेल, कुंभारमाशीचं घर असेल किंवा खरोखरच बार असेल. ते घरी शोधू नका. खरवडणं, तापवणं, आत तेल सोडणं, लोहाराकडे नेणं यातलं काहीही न करता पोलीस ठाण्याला कळवा. काडतुसाचं हत्यार असेल तर ही काठीची रीत लागू नाही. ते आहे तिथेच ठेवून कळवा.

२. एवढं जुनं आहे, मग परवाना कशाला लागेल?

सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५मध्ये एक सवलत आहे. जुनाट धाटणीचं, पुरातन मोलाचं किंवा नादुरुस्त हत्यार, जे दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. लोक पहिली दोन विशेषणं वाचून थांबतात. खरा भार शेवटच्या अटीवर आहे. ज्याची फक्त कमान तुटली आहे आणि कसबी लोहार ती दोन दिवसांत बसवून देईल, ते पिस्तूल दोनशे वर्षांचं असलं तरी या सवलतीत आपोआप बसत नाही. आपल्याकडे रानडुकरांपासून शेती राखायला ठासणीच्या बंदुका आजही परवान्यावर वापरात आहेत. तेव्हा ‘ठासणीचं म्हणजे कालबाह्य’ हा युक्तिवाद कोकणात तर मुळीच चालत नाही.

तुमचं पिस्तूल सवलतीत बसतं का, हे मी ठरवू शकत नाही आणि विकत घ्यायला आलेला माणूसही ठरवू शकत नाही. जिल्हादंडाधिकारी कार्यालयाकडे अर्ज करा आणि उत्तर लेखी घ्या. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाचा परवाना असेल आणि ते वारले असतील, तर हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करून मग वारसाच्या नात्याने परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि ही मर्यादा वारशाने आलेल्या हत्यारांनाही लागू आहे.

३. आमचं चकमकीचं की केपाचं, हे कसं ओळखायचं?

घोड्याकडे बघा. घोड्याला दोन जबडे असतील, ते स्क्रूने आवळून त्यात गारगोटी धरायची जागा असेल, समोर उघडमिट करणारी पोलादी झडप असेल आणि झडपेखाली रंजकाची छोटी वाटी असेल, तर ते चकमकीचं. घोडा हातोडीसारखा, पुढून खोलगट असेल आणि नळीच्या मुळाशी केप (घोडा आपटला की पेटणारी धातूची छोटी टोपी) बसवायचं छोटं बोंड असेल, तर ते केपाचं. ब्रिटिश सैन्य १८३०च्या दशकाच्या अखेरीपासून चकमक सोडून केपाकडे वळलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजा त्यामागोमाग.

फिरतं चक्र दिसलं की लोक लगेच ‘काडतुसाचं’ म्हणतात. चक्राच्या प्रत्येक घराच्या मागे बोंड असेल तर ते केपाचं रिव्हॉल्वर आहे (प्रश्न १३). चक्रात मागून आरपार भोकं असतील तर काडतुसाचं.

४. आधी घासूनपुसून चकाचक करतो, मग फोटो पाठवतो. चालेल ना?

नाही, कृपा करून नाही. पितळेला आमसूल किंवा चिंच लावायची, पोलादाला पॉलिश पेपर मारायचा, ही सवय आपल्या घराघरांत आहे आणि समईसाठी ती ठीकही आहे. पिस्तुलावर मात्र ज्या खुणांवरून त्याचा काळ आणि मालक ठरतो, त्या कागदाच्या जाडीइतक्या उथळ उरलेल्या असतात. मी शिकत होतो तेव्हा एका पिस्तुलाच्या पाटीवरचा (घोडा बसवलेला पोलादी तुकडा, प्रश्न ५) तांबूस थर बारीक पॉलिश पेपरने काढला. खाली अंधूक मुकुट होता असं काम संपल्यावर जुन्या फोटोत दिसलं. तो मुकुट आता फक्त त्या फोटोत आहे. ज्यांचं ते पिस्तूल होतं त्यांनी मला काही बोल लावला नाही, पण मला ते विसरता आलेलं नाही.

मऊ, कोरड्या ब्रशने धूळ आणि कोळिष्टकं झाडा, बस्स. फोटो कसे काढायचे ते प्रश्न १८मध्ये आहे.

५. बाजूच्या पाटीवर सिंह आहे, किंवा बदामात अक्षरं आहेत, किंवा ‘टॉवर’ लिहिलंय. याचा अर्थ काय?

घोडा ज्या लांबट पोलादी तुकड्यावर बसवलेला असतो, त्याला मी ‘पाटी’ म्हणतो. ओळख पटवायची सुरुवात तिथूनच होते.

चार भागांत विभागलेला बदाम, त्यात व्ही-ई-आय-सी ही अक्षरं आणि डोक्यावर चारच्या आकड्यासारखी आकृती, ही ईस्ट इंडिया कंपनीची जुनी खूण आहे. मालाच्या गाठींवर उमटवायचं चिन्हच हत्यारांवर आलं. यातली ‘व्ही’ म्हणजे व्हिक्टोरिया असं मला अनेकांनी लिहिलं आहे. तसं नाही. जुन्या रोमन वळणात ‘यू’ हे अक्षर ‘व्ही’सारखं काढत, आणि ते ‘युनायटेड’मधलं आहे. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ साली, आणि कंपनीने बदाम सोडून मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला सिंह घेतला १८०८ साली. म्हणजे बदाम असेल तर साधारण १८०८पूर्वीचं, सिंह असेल तर त्यानंतरचं. १८५८मध्ये कंपनीचा कारभार राणीकडे गेला, त्यामुळे सिंहाशेजारी १८६५ असं साल कोरलेलं दिसलं तर हात आखडता घ्या.

मुकुट आणि जी-आर म्हणजे जॉर्ज राजांपैकी कुणीतरी, १८३०पर्यंत. मुकुट आणि व्ही-आर म्हणजे १८३७नंतर. चकमकीच्या पिस्तुलावर व्ही-आर असेल तर मी दहा वेळा बघतो, कारण राणी आली तेव्हा चकमक जायला लागली होती. ‘टॉवर’ ही लंडनच्या टॉवरमधल्या सरकारी शस्त्रखात्याची खूण. रुंद बाण म्हणजे सरकारी मालकी.

नळीच्या मुळाशी डाव्या अंगाला परीक्षेचे छाप असतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला सनद १६३७ची आहे, पण बर्मिंगहॅमचं परीक्षागृह स्थापन झालं १८१३मध्ये. तिथला छाप म्हणजे एकमेकांना छेदणारे दोन राजदंड, वर मुकुट आणि राजदंडांच्या मधल्या जागांत बी-पी-सी ही अक्षरं. ‘टिपूच्या लढाईतलं’ म्हणून आलेल्या पिस्तुलाच्या नळीवर हा छाप दिसला की पुढे बोलायचं काही उरत नाही. श्रीरंगपट्टण पडलं १७९९ला.

एक अपवाद लक्षात ठेवा. कंपनीचा बदाम आणि सरकारी खूण एकाच हत्यारावर दिसली म्हणून ते लगेच खोटं ठरत नाही. १७९०च्या दशकात फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर ब्रिटिश सरकारने कंपनीसाठी बनलेली हत्यारं मोठ्या संख्येने स्वतःकडे घेतली होती.

खूण खरी आहे का, हे तिच्या तळाशी बघा. भोवतीच्या पोलादाला गंजाचे खड्डे पडलेले असतील तर अक्षराच्या खोबणीतही तसेच खड्डे हवेत. खड्ड्यांवरून अक्षर स्वच्छ धावत गेलं असेल, तर ते गंजानंतर कोरलेलं आहे.

६. घरी परंपरेने सांगतात की हे आंग्र्यांच्या आरमारातलं आहे. खरं असेल का?

असू शकतं, पण सनावळी जुळली पाहिजे. कान्होजी आंग्रे वारले १७२९ला. वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला फेब्रुवारी १७५६मध्ये, आणि तिथे तुळाजी आंग्र्यांची सत्ता संपली. अलिबागची आंग्रे शाखा मात्र पुढेही बरीच वर्षं टिकली. तेव्हा सिंहाची खूण असलेलं पिस्तूल कान्होजींच्या कंबरेला असूच शकत नाही. कुलाब्याच्या नंतरच्या आंग्र्यांकडे मात्र ते आलेलं असू शकतं.

त्या काळी आपल्याकडे मुख्य हत्यार म्हणजे तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटवायची, लांब बंदूक. तमंचे, म्हणजे पिस्तुलं, बहुतेक फिरंगी: विकत घेतलेले, नजराणा म्हणून आलेले किंवा पकडलेल्या जहाजांवरून उतरवलेले. म्हणून आरमारी घराण्यात इंग्रजी, डच किंवा पोर्तुगीज पिस्तूल सापडणं हा विरोधाभास नाही, उलट तेच अपेक्षित आहे. घराण्याची गोष्ट हा पुरावा नसतो, पण ती फेकूनही देऊ नका. आजी जशी सांगते तशी, तिच्याच शब्दांत आणि तारखेसह लिहून ठेवा. सोबत जुना परवाना, दस्त, इनामाचा कागद, फोटो काहीही असेल तर ते एकत्र ठेवा. नुसत्या हत्यारापेक्षा कागदासकट असलेलं हत्यार इतिहासाच्या दृष्टीने कितीतरी बोलकं असतं.

७. आमच्या पाटीवर एकात एक गुंतलेली व्ही-ओ-सी अक्षरं आहेत. गाव वेंगुर्ल्याजवळ.

ही डच ईस्ट इंडिया कंपनीची खूण, आणि वेंगुर्ल्यात डचांची वखार होती. तिचे अवशेष आजही उभे आहेत. म्हणून गाव ऐकून आशा वाटते. पण जगभर सर्वांत जास्त खोटी उमटवली जाणारी खूणही हीच. ती तीन अक्षरं काढायला सोपी आहेत आणि गिऱ्हाईक ती ओळखतं. ही कंपनी १७९९च्या अखेरीस संपली, त्यामुळे केपाच्या पिस्तुलावर मुळातली ही खूण असणं शक्य नाही. अपवाद एकच: चकमकीचं हत्यार नंतर केपाचं केलेलं असेल (प्रश्न १०).

८. डाव्या बाजूला लांब पोलादी पट्टी स्क्रूने बसवली आहे. कुणी नंतर जोडली असेल का?

बहुतेक नाही. तो कमरेच्या पट्ट्यात अडकवायचा आकडा आहे. जहाजावरच्या खलाशांना शत्रूच्या जहाजावर उडी घेताना दोन्ही हात मोकळे लागत, म्हणून ब्रिटिश आरमारी पिस्तुलांना असा आकडा असे. नळीचं भोक साधारण ०.५६ इंच, आणि जुन्या नमुन्यांत नळी बारा इंच लांब. पट्टीच्या खालच्या लाकडाचा रंग भोवतीपेक्षा वेगळा आणि पट्टीच्याच आकाराचा असेल, तर ती तिथे फार वर्षं आहे.

९. खरं आहे की दिवाणखान्यात टांगायचं शोभेचं? घरी कसं ओळखू?

एका खुणेवर निकाल देऊ नका. चार-पाच गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की मगच म्हणा.

पहिली, रंजकाचं भोक. शोभेच्या वस्तूत तिथे नुसता खळगा असतो, नळीपर्यंत आरपार काही नसतं. कित्येकदा नळीही दोन-चार इंचच पोखरलेली असते. प्रश्न १मधली काठी इथेही कामाला येते. काठी अर्ध्यात अडली आणि भोक बंद असेल, तर बार असण्यापेक्षा शोभेची वस्तू असण्याची शक्यता जास्त. खात्री होईपर्यंत तरीही भरलेलंच समजा.

दुसरी, धातूचं काम. लष्करी पिस्तुलाची पाटी घडवलेली आणि कानशीने साफ केलेली असते, कडा नेमक्या असतात. ओतीव नकलेत कडा गोलसर, पृष्ठभागावर वाळूचे बारीक फोड आणि कुठेतरी साच्याची सांधरेघ सापडते. अक्षरंही साच्यातच ओतलेली असली तर ती साबणावर उठवल्यासारखी बुळबुळीत दिसतात.

तिसरी, स्क्रू. जुन्या हाताच्या स्क्रूंची खाच अरुंद असते आणि दोन स्क्रू अगदी एकसारखे नसतात. अधिकच्या चिन्हाची खाच १९३०च्या दशकातली, त्याआधी ती नव्हतीच. अर्थात एखादा स्क्रू नंतर बदललेला असू शकतो. सगळेच तसे असतील तर प्रश्न मिटला.

चौथी, झीज, आणि माझा सर्वांत जास्त विश्वास हिच्यावर आहे. खरं हत्यार जिथे हात लागला, जिथे खोगिराचं चामडं घासलं, तिथे झिजतं: दस्त्याची पाठ, नळीचं तोंड, घोड्याची कड. घोड्याखालचा कोपरा मात्र नव्यासारखा राहतो. आम्लात बुडवून जुनं केलेलं पिस्तूल सगळीकडे सारखंच थकलेलं दिसतं. कोपऱ्यातही, जिथे बोट कधी पोहोचलंच नसतं.

पाचवी, लाकूड आणि लोखंडाचा सांधा. कारागिराने लाकूड पाटीच्या कडेला नखही जाणार नाही असं कोरलेलं असतं. नकलेत फट असते आणि ती लाखेने किंवा भुशाने बुजवलेली असते.

उलटी काढलेली इंग्रजी अक्षरं, ‘टॉवर’चं चुकलेलं स्पेलिंग, उंटासारखा दिसणारा सिंह, हे बहुधा वायव्य सरहद्दीवरच्या कारागिरांचं काम. ब्रिटिश म्हणून ते खोटं आहे, पण भिंतीवर टांगायला नव्हे, चालवायला बनवलेलं आहे. ते स्वतःही शंभर वर्षांचं असू शकतं, आणि कायद्याच्या नजरेत ते बंदूकच आहे.

पाटी सोडवून आत बघावं असं वाटेल. आतल्या बाजूला कानशीच्या रेघा आणि जुळणीच्या खाचा दिसतात, त्या फार काही सांगतात. पण गंजलेला स्क्रू चुकीच्या पान्याने फिरवला की त्याची खाच जाते. ते काम जाणकारावर सोडा.

१०. जाणकार म्हणाले, ‘हे बदललेलं आहे.’ म्हणजे नकली का?

नाही, या दोन गोष्टी अगदी वेगळ्या. केप आल्यावर चकमकीची हजारो हत्यारं त्याच काळात केपाची केली गेली. वाटी आणि झडप काढली, त्यांच्या स्क्रूंची भोकं बुजवली, घोडा बदलला, बोंड बसवलं. पाटीवर बुजवलेल्या भोकांच्या गोल कडा तिरप्या उजेडात दिसतात. हा त्या हत्याराच्या नोकरीचाच भाग आहे आणि मी त्याला दोष मानत नाही.

दोष उलट्या प्रवासात आहे. चकमकीच्या पिस्तुलाला भाव जास्त मिळतो म्हणून केपाचं झालेलं पिस्तूल अलीकडे पुन्हा चकमकीचं करतात. रंजकाच्या भोकाभोवतीचा धातू वेगळ्या रंगाचा, झडपेची आणि वाटीची कड धारदार, बाकी पाटीला खड्डे आणि वाटी गुळगुळीत, असं असेल तर हा प्रकार. विकणाऱ्याने तो सांगितला तर डागडुजी, लपवला तर फसवणूक.

११. दस्ता सागवानी आहे. इंग्रज अक्रोड वापरत ना?

हो, विलायतेहून आलेलं पिस्तूल बहुधा अक्रोडाचं असतं. पण इथल्या हवेत आणि वाळवीपुढे ते लाकूड गेलं की गावच्या सुताराने सागवान किंवा शिसव घालून नवा दस्ता केला, असं खूप दिसतं. नळी आणि पाटी खरी, दस्ता स्थानिक. तसंच लिहून ठेवा आणि तो दस्ता टाकू नका.

१२. गंज चढलाय. काढू की राहू देऊ?

आधी तो जिवंत आहे की मेलेला, ते बघा. काळपट तपकिरी, घट्ट, बोट फिरवल्यावर हाताला न लागणारा थर हा मेलेला गंज. तो लोखंडाचं रक्षणही करतो आणि वयाची साक्षही देतो. त्याला हात लावू नका. नारिंगी, भुसभुशीत, पापुद्रे सुटणारा तो जिवंत. मृगात हवा दमट झाली की त्यावर घामासारखे बारीक पिवळसर थेंब दिसले, तर लोखंडात मीठ मुरलेलं आहे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या घरांत हे फार होतं. खारा वारा कौलांतून येतोच, आणि पावसाळ्यात आपली हवा आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या वर दमट असते.

खात्री करायची असेल तर पिस्तूल पांढऱ्या कागदावर ठेवून बंद डब्यात आठ दिवस राहू द्या. कागदावर नवी नारिंगी पूड पडली तर गंज चालू आहे. वरवरची पूड लाकडी काडीने आणि मऊ ब्रशने काढता येते. त्याखालचं काम संवर्धकाचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. तिथे शस्त्रांचं दालनही आहे. खरं जुनं पोलाद कसं दिसतं, हे डोळ्यांत भरून घ्यायला एकदा जाऊन या.

ठेवायची जागा म्हणजे घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. रंग पालटला की त्या ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वापरा. मूळ चामड्याची म्यान असेल तर ती जपा, पण पिस्तूल तिच्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि त्यातली आम्लं पोलादाला खातात. वर्तमानपत्रात गुंडाळणंही तितकंच वाईट. दस्त्यातून पिठासारखी पूड पडत असेल आणि भोकांच्या आतलं लाकूड फिकं, ताजं दिसत असेल, तर भुंगा जिवंत आहे. उन्हात टाकू नका, लाकूड तडकतं.

तेलाचं विचाराल तर खोबरेल नको. ते हळूहळू खवट होतं, आणि त्यातली आम्लं पितळेवर हिरवा चिकटा आणतात. होडीच्या फळ्यांना लावतात तसं काजूबियांचं तेल दस्त्याला लावलेलं मी पाहिलं आहे. लाकूड कायमचं काळं पडतं. स्वच्छ, कोरड्या पोलादावर संवर्धक वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण अगदी पातळ लावावं. ते न मिळाल्यास शिवणयंत्राचं तेल फडक्याला जेमतेम लावून फिरवा. लाकडाला ते लागू देऊ नका. आणि हाताळताना सुती हातमोजे घाला, आपल्या घामातही मीठ असतं.

१३. चक्रावर जहाजांच्या लढाईचं चित्र कोरलेलं रिव्हॉल्वर आहे. आरमाराचं असेल ना?

ते चित्र टेक्सासच्या आरमाराच्या १८४३च्या लढाईचं आहे, आपल्या किनाऱ्याशी त्याचा संबंध नाही. ही कोल्टच्या १८५१च्या ‘नेव्ही’ नमुन्याची ओळख. तो अमेरिकेत बनला आणि काही वर्षं लंडनच्या कारखान्यातही. चौकट, नळी, चक्र, चापाभोवतीची पितळी कमान, सगळीकडचे क्रमांक जुळतात का ते पाहा. सगळे जुळले तर फार चांगलं. एक जुळला नाही तर दुरुस्तीत तो भाग बदललेला असू शकतो. या नमुन्याच्या आधुनिक नकलाही उत्तम बनतात. चित्र कड्यांना खोल आणि सगळीकडे सारखं ताजं असेल तर शंका घ्या.

१४. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते. वेबली रिव्हॉल्वर त्यांचंच असेल का?

कोकणातली माणसं तिथे होती यात शंका नाही. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या आणि एप्रिल १९१६मध्ये ते ठाणं पडलं. पण साध्या शिपायाला रायफल मिळत असे, रिव्हॉल्वर नाही. पणजोबा सुभेदार किंवा जमादार होते का, ते आधी कागदांत शोधा. वेबलीच्या सहाव्या नमुन्याला सैन्याने १९१५मध्ये स्वीकारलं. नळी सहा इंच, माप .४५५, आणि चौकटीवर बनल्याचं साल बहुधा ठोकलेलं असतं. ते साल १९१८ असेल तर कुतची गोष्ट या हत्याराला लागू होत नाही, दुसरी कुठली तरी असेल.

हे काडतुसाचं, आजही चालू शकणारं लष्करी मापाचं हत्यार आहे. प्रश्न २मधल्या सवलतीचा इथे विचारही करू नका. कागद नसतील तर वकिलाचा सल्ला घेऊन पोलिसांकडे जा, आणि उशीर लावू नका.

१५. खंडेनवमीला पूजा करतो. हळदकुंकू वाहिलं तर बिघडतं का?

पूजा जरूर करा. एवढी वर्षं त्या हत्याराला कुणीतरी दरवर्षी हात लावला, पाहिलं, पुसलं, म्हणून तर ते टिकलं. फक्त ओलं गंध, हळदकुंकू आणि झेंडूच्या ओल्या पाकळ्या धातूवर रात्रभर राहू देऊ नका. ओल आणि मीठ खोबणीत बसतं आणि तिथूनच गंज सुरू होतो. अनेक घरांत आता पाटावर हत्यार ठेवून गंध-अक्षता पाटाला वाहतात. माझ्याही घरी तसंच करतो. संध्याकाळी कोरड्या मऊ फडक्याने पुसून परत डब्यात. आणि मुलांना हौसेने घोडा ओढून चाप दाबू देऊ नका. गारगोटी किंवा केप नसताना घोडा आपटला की जुनी कमान किंवा घोड्याची मान तुटते. घोड्याला अर्धा आणि पूर्ण असे दोन थांबे आहेत का, हे जाणकारच हळूच तपासेल.

१६. विहीर खणताना, किंवा मासेमारीच्या जाळ्यात, लोखंडाचा गोळा आला. आत पिस्तूल असावं.

जमिनीत पुरलेलं सापडलं तर १८७८चा निखात निधी कायदा लागू होऊ शकतो. दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं सापडणाऱ्याचं कर्तव्य आहे. हत्यार असल्याने पोलिसांनाही कळवा.

समुद्रातून आलेलं असेल तर एकच गोष्ट तातडीची: ते सुकू देऊ नका. समुद्रात मुरलेलं लोखंड वाळलं की आतलं मीठ स्फटिक होऊन फुगतं, आणि काही दिवसांत वस्तूचे तुकडे पडतात. वरचं शिंपल्यांचं, वाळूचं कवच न फोडता प्लास्टिकच्या टबात गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि पोलीस व राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. कुठल्या खोलीवर, कुठल्या दिशेला जाळं होतं, हे तांडेलाकडून त्याच दिवशी लिहून घ्या.

१७. किंमत किती येईल? आणि अमेरिकेतल्या भावाला पाठवता येईल का?

किंमत मी सांगत नाही. फोटोवरून सांगितलेला आकडा घरात भांडणं लावतो, हे पाहिलं आहे. कशाने मोल वाढतं ते सांगतो. न घासलेला मूळ पृष्ठभाग, वाचता येणाऱ्या खुणा, मूळ भाग (बार ठासायचा गजसुद्धा, तो बहुतेक वेळा हरवलेला असतो) आणि कागद. स्थिती लिहिताना धातू, लाकूड, यंत्रणा आणि हरवलेले भाग यांबद्दल वेगवेगळं लिहा. ‘उत्तम स्थिती’ या दोन शब्दांतून कुणालाच काही कळत नाही.

परदेशी पाठवण्याचं उत्तर मात्र ठाम आहे. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, १९७२चा पुरावस्तू कायदा ते मना करतो. भाऊ मे महिन्यात गावी आला की त्याला इथेच दाखवा. देशात विकायचं तरी विकत घेणाऱ्याची आणि तुमची शस्त्र कायद्याखालची स्थिती आधी स्पष्ट हवी, आणि पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे त्याचा वेगळा परवाना लागतो. समाजमाध्यमांवर ‘विकणे आहे’ म्हणून फोटो टाकू नका.

१८. फोटो कसे काढू?

खिडकीशी, सकाळच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद करून. शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवा. दोन्ही बाजू पूर्ण, वरून एक, खालून एक. मग जवळून पाटी, नळीच्या मुळाची डावी बाजू, रंजकाचं भोक किंवा बोंड, प्रत्येक स्क्रूचं डोकं, दस्त्याचा तळ. नळीच्या तोंडाचा फोटो बाजूने घ्या, समोरून कधीच नाही. खूण अंधूक असेल तर खडू किंवा पीठ भरू नका. टॉर्च आडवा धरून तीन-चार कोनांतून फोटो घ्या, एखाद्यात अक्षर उठतं. पिस्तूल घेऊन माझ्याकडे येऊ नका आणि पार्सल तर कधीच करू नका. हत्याराची ने-आण हाही कायद्याचाच विषय आहे.